जादा गोळ्या कुणी बाळगायच्या

मी मूळची अकोल्याची. जुन्या शहरात वडलांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं, आणि आम्ही बहिणी शाळेतून आलो की आळीपाळीनं गल्ल्यावर बसायचो, त्यामुळे दारात आलेलं माणूस घ्यायला आलंय की नुसतं हात लावून बघायला आलंय हे मला त्याच्या चालीवरून कळायचं. अजून कळतं. पण काय सांगू तुम्हाला, कळून उपयोग होतोच असं नाही. आमच्या ह्यांचं गाव कारंजा. अमरावतीला इंजिनिअर झाले आणि लग्नानंतर लगेचच आम्ही इकडे ओहायोत आलो, कोलंबसला, पंप बनवणाऱ्या एका कंपनीत. तिथंच डब्लिन नावाचं उपनगर आहे, त्यात घर घेतलं. ऋचा इथलीच, इथंच जन्मली, इथंच शिकली, नर्स झाली. एकच मुलगी आम्हाला. घरात आम्ही मराठी बोलायचो आणि ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, म्हणजे समजायचं तिला सगळं असं आम्ही धरून चाललो होतो.

दोन हजार एक साली कंपनीनं ह्यांचा अख्खा विभागच बंद केला. ह्यांनी पन्नाशी ओलांडलेली, पुन्हा कोण घेणार, म्हणून मीच म्हटलं दुकान काढू, मला दुकान येतं. तर कोलंबसच्या पूर्वेला एक बिअरचं ड्राइव्ह-थ्रू विकायला होतं ते आम्ही घेतलं. तुम्ही पाहिलं नसेल कदाचित. लांबच लांब शेड असते, गाडी एका दारातून आत येते, दोन्ही बाजूंना बिअर, कोक, चिप्स, सिगरेटी, माणूस गाडीतूनच सांगतो, आपण हातात द्यायचं, गाडी दुसऱ्या दारानं बाहेर. मध्ये काउंटर आणि काउंटरच्या मागं मोठा कूलर, खोलीएवढा, त्याला समोरून काचेची दारं आणि बाजूनं एक जाड दरवाजा. आत शिरून मागून बाटल्या लावायच्या. हे सगळं आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते ह्या कूलरच्या काचेतून मी पाहिलं.

आता लोक मला फोन करतात. मोटेलवाले करतात, गॅस स्टेशनवाले करतात, इंडियानातून करतात, तिकडं शिकागोजवळच्या शॉमबर्गहूनही एकानं केला होता आणि त्यांच्याकडं तर पिस्तूल घेऊन फिरायची परवानगीही नाही. काकू, एक विचारू का, असं सुरू करतात, आणि मग विचारतात, पिस्तुलात आहेत त्या आहेत, पण वर जादा गोळ्या किती बाळगायच्या. मी सांगते, मला त्यातलं कळतं आता. पण ऋचानं मला एकच गोष्ट विचारली होती, बाबा खोटं का बोलले, आणि उत्तर माझ्याजवळ असून मी तिला ते दिलं नाही. दीड वर्ष दिलं नाही. दिलं असतं तर पोर हातची जाते की काय ही भीती, नाही दिलं तर बाप कायमचा तिच्या मनातून उतरतो. अशी मी मध्ये बसले होते.

पहिला मार बसला तो दोन हजार तीनला. दिवसाढवळ्या. एक माणूस चालत आला, गाडी नाही, ड्राइव्ह-थ्रूमध्ये पायी माणूस आला की मी आधी त्याच्या हाताकडं बघते, आणि त्याच्या हातात बेसबॉलची बॅट होती. ह्यांनी गल्ला उघडून दिला, काही अडवलं नाही, बोललेसुद्धा नाहीत, तरी जाता जाता त्यानं बॅट घातली तोंडावर. काही कारण नाही. आवाज काय आला म्हणून सांगू, ओला नारळ फुटावा तसा. हे खाली बसले आणि ओंजळीत दात पडले, आणि ओंजळीतल्या दातांकडं हे असे बघत होते की जणू कुणी प्रसाद दिलाय आणि कुठं ठेवायचा कळत नाहीये. जबड्यात तारा घातल्या. कितीतरी दिवस स्ट्रॉनं पेज प्यायचे. बोलता यायला लागल्यावर पहिलं वाक्य काय बोलले माहितीये, निर्मले, तुझी पेज कारंज्याच्या आईच्या पेजेपेक्षा वाईट आहे. असा माणूस.

पुढच्या वर्षी ओहायोत पिस्तूल बाळगायचा परवाना मिळायला लागला, तसा ह्यांनी क्लास लावला, आणि मी गाडीत बसून काय करू म्हणून मीही आत जाऊन बसले. शिकवणारा डेल नावाचा, शेरीफच्या ऑफिसातून रिटायर झालेला, पांढऱ्या मिशा, पोट पुढं. ह्यांनी घेतलं ते लहानसं रिव्हॉल्व्हर, पाच गोळ्यांचं. तर पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, जादा किती ठेवायच्या, आणि त्यावर वर्गात जी जुंपली! एक रिटायर्ड पोस्टमन होता, तो उठून उभा राहिला आणि जॅकेट उघडून दाखवलं, कमरेला गोळ्यांनी भरलेली दोन मॅगझिन्स, घोट्याला एक, सुरा, दोन टॉर्च. हे माझ्या कानात म्हणाले, काहून बाप्पा, हा पानिपतला निघाला का. एक केस कापणारी बाई होती, ती म्हणाली पाचात नाही जमलं तर मी पिस्तूलच फेकून मारीन, जादाचं वजन कोण वागवतं. सगळे हसले. डेल हसला नाही. तो म्हणाला, जादा गोळ्या लढाईसाठी नसतात. तुमच्या पहिल्या पाच कधी गेल्या हे तुम्हाला कळणारच नाही, कळेल तेव्हा चाप ओढाल आणि नुसतं टक् होईल, आणि समोरचा अजून उभा असेल किंवा त्याचा जोडीदार उभा असेल. तेवढ्यासाठी. एकदा भरता येईल एवढ्या पुरे, पण त्या अंगावर पाहिजेत, मोकळ्या हाताला लागतील अशा. गाडीच्या कप्प्यात असतील तर त्या क्लीव्हलंडला आहेत असं समजा.

त्यानं गाडीचं सांगितलं, कपाटाचं सांगितलं, जेवणाच्या डब्याचंसुद्धा सांगितलं. बायकोकडं ठेवू नका असं काही त्यानं सांगितलं नाही. त्याच्या वर्गात असं करणारं कुणी कधी आलंच नसणार.

आमच्या ह्यांचं कसं होतं, खिशात काही ठेवायचं नाही. आयुष्यात कधी नाही. घराबाहेर निघायचे ते हात हलवत. किल्ली माझ्याकडं, चष्मा माझ्याकडं, पाकीट माझ्याकडं, रुमालसुद्धा माझ्याच पर्समध्ये, आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या तर माझ्याकडंच. वेळ झाली की न बघता हात मागं करायचे, निर्मले, गोळ्या, आणि मी तळहातावर ठेवायची. तर ह्या गोळ्याही माझ्याकडंच आल्या. रबराची एक पट्टी मिळते, बोटभर लांब, तिच्यात पाच गोळ्या ओळीनं खोचून ठेवायच्या, म्हणजे सुट्या सुट्या खिशात खुळखुळत नाहीत. ती पट्टी माझ्या ॲप्रनच्या खिशात. त्याच खिशात ब्लडप्रेशरची पट्टी. मी म्हटलं, अहो, ही तरी तुमच्या खिशात ठेवा. म्हणाले, पँट खाली ओढली जाते, आणि तू असतेसच ना.

नेमबाजीच्या रेंजवर आम्ही तसंच करायचो. हे पाच झाडायचे, गोळ्यांचं चाक बाजूला काढून रिकाम्या पुंगळ्या खाली पाडायचे, की डावा हात मागं, बघायचं नाही, मी पट्टी तळहातात दाबायची, हे भरायचे. चपळाई आली होती आम्हाला, खरंच सांगते, त्या पोस्टमनपेक्षा आधी भरून व्हायचं. डेल कपाळाला हात लावायचा. मॅडम, तो म्हणाला, गोळीबार होईल तेव्हाही तुम्ही ह्यांच्या मागं उभ्या असणार का? मी म्हटलं, मी आणखी कुठं जाणार आहे.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीतली गोष्ट. दुपार. बाहेर बर्फ वितळून काळा चिखल झालेला. ऋचा हॉस्पिटलमधून सुटून जेवायला आली होती, मी भरली वांगी केली होती म्हणून. डबा उघडायच्या आधी ह्यांनी सांगितलं, कूलरमधली पुढची रांग रिकामी झालीये, लावून घ्या, मग बसू. म्हणून आम्ही दोघी आत गेलो. ऋचा निळ्या कपड्यातच, वरून माझा स्वेटर. ती खोकी फोडत होती आणि मी बाटल्या लावत होते, काचेतून बाहेर दिसत होतं ते बाटल्यांच्या मधून, पट्ट्यापट्ट्यांनी.

एक गाडी आत आली. दोघं होते. शेजारी बसलेला उतरला आणि सरळ काउंटरला आला, आणि मी तुम्हाला म्हटलं ना मला चालीवरून कळतं, मला कळलं. पण मी कूलरच्या आत, हातात बाटल्या. त्यानं पिस्तूल काढून ह्यांच्या कपाळाला लावलं. ह्यांनी गल्ला दिला. त्यानं घेतला, आणि मग पिस्तुलाच्या मुठीनं ह्यांच्या जबड्यावर घातलं, त्याच बाजूला, जिथं तारा घातल्या होत्या. हे काउंटरच्या मागं कोसळले. तो वाकून खाली बघायला लागला आणि त्यानं एक गोळी खाली झाडली, ती सिगरेटींच्या फळीत गेली, आणि मग खालून ह्यांचं रिव्हॉल्व्हर सुरू झालं. कूलरच्या आत आवाज दबून येतो, कुणी तरी टेबल आपटतंय असा. पाचही झाडल्या ह्यांनी, न थांबता. त्या माणसाला गळ्यात लागली आणि पोटात लागली. तो मागं मागं गेला आणि स्वतःच्याच गाडीच्या बॉनेटवर आडवा पडला, आणि मॉमा, मॉमा असं ओरडायला लागला. गळ्यातून रक्त उडत होतं ते समोरच्या काचेवर आणि गाडीचे वायपर चालू, ते रक्त पुसत होते. हे मी कधी विसरणार नाही, वायपर पुसत होते.

दुसरा, गाडी चालवणारा, तो पलीकडच्या बाजूनं उतरून गाडीच्या आड बसला. तो आम्हाला दिसत नव्हता. मला वाटलं पळाला. ऋचालाही तेच वाटलं असेल. सगळं शांत, तो एक ओरडणारा सोडून, आणि मग त्याचंही ओरडणं बंद झालं.

आता इथं ऐका. ह्यांनी काउंटरच्या मागून, कूलरच्या काचेला लागूनच होते, हाक मारली. अगदी साध्या आवाजात, स्वयंपाकघरातून मारावी तशी. निर्मले, गोळ्या वाढल्या.

तुम्हाला सांगायला नको. आपल्यात घरातलं काही संपलं म्हणत नाहीत. तेल वाढलं, तांदूळ वाढले, कुंकू वाढलं. बांगडी फुटली तरी वाढली. ह्यांच्या कारंज्याच्या घरात तर इतकं कडक की सासूबाई काडेपेटीलाही वाढली म्हणायच्या, आणि ह्यांच्या तोंडात ते असं बसलं होतं की इथं गाडीतलं पेट्रोलसुद्धा वाढायचं. तर गोळ्या वाढल्या म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, दे. आणि दुसरा तिथं आहे हे ह्यांना माहीत होतं, त्यानं ऐकलं तरी त्याला कळू नये म्हणून मराठीत. मला लगेच कळलं. मी बाटल्या टाकल्या आणि ॲप्रनच्या खिशात हात घातला, थंडीनं बोटं बधिर झालेली, आणि हातात आली ती ब्लडप्रेशरची पट्टी.

ऋचाला वाढल्या म्हणजे मोअर. वजन वाढलं, पगार वाढला, भात वाढ, सगळीकडं जास्तच होतं ना ते. बाबाकडं गोळ्या भरपूर आहेत, भीती नाही, असं तिनं ऐकलं. काचेतून तिला बापाचं रक्त दिसत होतं आणि ती नर्स. मी ती पट्टी टाकून पुन्हा खिशात हात घालते तोवर तिनं दरवाजा ढकलला. मी स्वेटर धरला तिचा. माझाच स्वेटर, सैल होता, हातात बाही ताणली गेली आणि सुटली.

ती दोन पावलं बाहेर गेली असेल. गाडीच्या आडून आवाज झाला आणि ती बसली, पडली नाही, बसली, खुब्यात गोळी लागली होती. दुसरी गोळी काचेच्या दारात, माझ्या अंगावर काचा आणि बिअर. आणि मग हे उभे राहिले. लपलेले होते, तिथंच बसून राहिले असते तर वाचले असते. उभे राहिले, तिच्या आणि त्या माणसाच्या मध्ये, रिकामं रिव्हॉल्व्हर त्याच्यावर रोखून, आणि डावा हात मागं केला. तळहात उघडा. रेंजवर करायचे तसा.

मी पट्टी घेऊन निघाले होते हो. मी पोचले नाही. त्यानं ह्यांच्या छातीत मारली आणि परत मारली आणि खाली पडल्यावर मानेत मारली. मी ह्यांच्या हातातून रिव्हॉल्व्हर घेतलं, चाक काढलं, पुंगळ्या पाडल्या, पट्टीतल्या निम्म्या गोळ्या बिअरच्या फेसात गेल्या. भरल्या तेवढ्या भरल्या. तोवर तो गाडीत बसला होता. जोडीदाराला बॉनेटवरून खाली पडू दिलं आणि त्याच्या पायांवरून गाडी घालून निघाला. मी मागच्या काचेवर मारल्या. लागल्या नाहीत. नंतर पकडला त्याला, जन्मठेप झाली, तो भाग सोडा.

ह्यांच्या तोंडातून नुसता बुडबुडा येत होता. ऋचा सरपटत आली, मागं रक्ताचा पट्टा, आणि बापाच्या मानेत दोन बोटं घालून दाबून बसली, स्वतःच्या खुब्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला ऑर्डर सोडत होती इंग्लिशमध्ये, इथं दाब, वर धर, डोकं वर धर. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा हे गेलेले होते, पण बोटं काढायला ती तयार नव्हती. दोघांनी मिळून सोडवली.

तिच्यावर ऑपरेशनं झाली, एकामागून एक. आता लंगडते, लंगडणारच. हॉस्पिटलात डिटेक्टिव्ह बाई आली, चांगली होती, हळू बोलायची. ऋचानं सांगितलं, ही सेड ही हॅड मोअर. आमच्या बाबांनी सांगितलं की आणखी गोळ्या आहेत, म्हणून मी बाहेर आले. बाई माझ्याकडं वळली, असं म्हणाले का ते? मी म्हटलं, यस मॅम.

काय करू मग? पलंगावर पोरगी, पायात सळया, अंगात नळ्या, आणि मी तिला सांगू की बाळा, तुझ्या बापानं अगदी उलटं सांगितलं होतं, तू एक शब्द चुकीचा ऐकलास आणि तो तुझ्यासाठी उभा राहिला? मेलेल्या माणसावर आळ आला तर तो काही बोलत नाही. मी ह्यांच्या फोटोला तसं सांगितलंसुद्धा, म्हटलं, अहो, तेवढं तुम्ही घ्या अंगावर.

पण ते वाढतच गेलं. ती विचारायची, बाबा खोटं का बोलले, आई. शो करत होते का? आधी वाटायचं रागात बोलते, निवळेल. निवळलं नाही. म्हणायला लागली, माझ्या पायाचं जे झालं ते त्यांच्या मर्दपणामुळं झालं. वर्षश्राद्धाला आली नाही. फोन केला तर म्हणाली, शिफ्ट आहे. घरात ह्यांचा फोटो होता त्या खोलीत ती जेवायला बसायची नाही. आणि लहानपणी हीच पोरगी बापाच्या बुटांवर पाय ठेवून घरभर चालायची. मी रोज ठरवायची आज सांगते, आणि ती जिन्यावरून एकेक पायरी धरून उतरताना दिसली की जीभ रेटायची नाही.

मग गेल्या सप्टेंबरात, गणपतीत, कोलंबसच्या दुसऱ्या टोकाला ओळखीच्या कुलकर्णी काकूंकडं जेवायला होतो. मी हट्ट करून तिला नेलं. त्यांच्याकडं खूप माणसं, पुण्याची, नागपूरची, ते आयटीतले नवे आलेले, बेसमेंटमध्ये टेबल मांडून बुफे. ऋचा प्लेट घेऊन रांगेत, मी तिच्या मागं. श्रीखंडाच्या भांड्यापाशी आली तर भांडं रिकामं, आणि काकू वर तोंड करून किचनकडं ओरडल्या, अगं, श्रीखंड वाढलं गं! ऋचा प्लेट पुढं धरून उभी. हसून बघतेय, कुठून येतंय श्रीखंड. मागचा एक नागपूरचा मुलगा म्हणाला, हो जाओ आगे यार, खतम झालं ते. ती म्हणाली, बट शी सेड वाढलं. तर काकू हसायला लागल्या, माझी मेली अमेरिकन पोर ती, अगं, वाढलं म्हणजे संपलं! आपल्यात संपलं म्हणत नाहीत बाळा, अपशकुन असतो. तेल वाढलं, साखर वाढली, सगळं उलटं. सगळे हसले. ऋचाही हसली. मग हसता हसता तिचं तोंड तसंच राहिलं आणि ती मागं वळली, आणि माझ्याकडं बघितलं.

मी खाली बघितलं. तेवढं तिला पुरलं.

परतताना गाडी तीच चालवत होती. हायवेवर एका एक्झिटच्या अलीकडं तिनं गाडी कडेला घेतली, बाजूनं ट्रक जातायत, गाडी हलतेय. यू न्यू, म्हणाली. मी म्हटलं, हो. ऑल धिस टाइम. हो. मग तिनं स्टिअरिंगवर कपाळ आपटायला सुरुवात केली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, कातडी फुटून रक्त आलं, मी केस धरून मागं ओढलं तेव्हा थांबली. म्हणाली, ही वॉज टेलिंग द ट्रुथ. म्हटलं, हो, खरंच सांगत होते, मला सांगत होते, तू मध्ये ऐकलंस. मग मराठीत म्हणाली, अगदी नीट मराठीत, मग मी मारलं बाबाला.

मी तिच्या थोबाडीत दिली. लहानपणी कधी हात लावला नव्हता, एवढ्या मोठ्या बाईला दिली. म्हटलं, त्या कुत्र्यानं मारलं. पुन्हा हे तोंडातून काढलंस तर बघ. आणि तुझं मराठी आम्ही दोघांनी शिकवलं, जेवढं शिकवलं तेवढं तुला आलं. गोळ्या माझ्या खिशात होत्या, तुमच्या खिशात ठेवा म्हणून मी एकदा म्हटलं, शंभरदा का नाही म्हटलं. धरायला बसलीस तर कुणाकुणाला धरशील? तिनं माझं मनगट पकडलं आणि असं आवळलं की मला वाटलं मोडतं. सोडवून घेतलं नाही मी. एक पोलीस गाडी मागं येऊन थांबली, तो खिडकीशी आला, तिचं कपाळ बघून म्हणाला, एव्हरीथिंग ओके, मॅम? ऋचा म्हणाली, नो. बट वी आर लीव्हिंग.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, जे फोन करतात त्यांनाही हेच सांगते. दुकान मी विकलं नाही, मला दुसरं काही येत नाही. रिव्हॉल्व्हर कमरेला असतं. जादा पाच, एवढंच, डाव्या खिशात, त्या खिशात दुसरं काही नाही, रुमालसुद्धा नाही. आणि त्या स्वतःच्या खिशात. नवऱ्याच्या नाही, बायकोच्या नाही, मुलाच्या नाही. बायका हसतात फोनवर, म्हणतात, काकू, आमच्या ह्यांचा तर चष्माही माझ्याकडं असतो. म्हटलं, चष्मा ठेव.

ह्या वर्षी तिथीला ऋचा आली. तिनं स्वतः वांगी केली, खारट झाली, आणि ह्यांच्या फोटोपुढं पान ठेवून लंगडत लंगडत नमस्कार केला. बापावरचा राग गेला तिचा. तो सगळा आता माझ्यावर आहे. दीड वर्ष माझ्या बापाशी मला भांडायला लावलंस, म्हणते, आणि ते खरंच आहे. दर रविवारी येते आणि त्याच गोष्टीवरून भांडते, भांडी आपटते, इंग्लिशमध्ये ओरडते, शब्द सुचला की मराठीतही ओरडते. एकदा काचेचा जग फोडला. मी काचा गोळा करते, ती खुर्चीत बसून रडते, मग जेवते आणि मग जाते. ह्यांना बिचाऱ्यांना उलट बोलता येत नव्हतं, मला येतं. देव तिला भरपूर आयुष्य देवो, आणि ते सगळं तिनं माझ्याशी भांडण्यात घालवलं तरी माझी काही तक्रार नाही.